घरी आले विद्यापीठ. सोबत कोण देणार?



१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधील अर्थशास्त्राचा अभ्यास अर्ध्यावर सोडून मुंबईस परतावे लागले. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. महायुद्ध ऐन भरात होते. दुसऱ्या बोटीने पाठविलेला त्यांचा ग्रंथसंग्रह पाणतीराच्या माऱ्यात सापडून समुद्रतळाशी गेला. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्राचे अध्यापन केले, काटकसर करून पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राचे उत्तम व्याख्यान ऐकण्यासाठी एका असामान्य बुद्धीच्या माणसाला दोन वेळा समुद्र ओलांडावा लागला, मध्यंतरी तीन वर्षे थांबावे लागले. ज्ञानापर्यंतचे अंतर त्या काळी मैलांत आणि रुपयांत मोजले जात होते.

आज मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या घरात, रात्री जेवणे आटोपल्यावर, तेच विद्यापीठ पडद्यावर येऊन उभे राहते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे एमआयटीने, आपली अभ्यासक्रम-सामग्री जगाला विनामूल्य खुली करण्याचा संकल्प २००१ मध्ये जाहीर केला. आपल्याकडे आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल हा उपक्रम सुरू केला. त्यात पवईची आयआयटी पहिल्यापासून सहभागी आहे. ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र, समग्रलक्षी अर्थशास्त्र, भारतीय अर्थव्यवस्था, अर्थमिती, विकासाचे अर्थशास्त्र अशा विषयांची व्याख्याने आता कोणालाही ऐकता येतात. नाव नोंदविण्यास पैसा लागत नाही, वयाची अट नाही, गुणपत्रिका कोणी मागत नाही.

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबाला या सोयीचे मोल अधिक कळावे. दूरशिक्षण येथे नवे नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्येच पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे. नोकरी सांभाळून, पोस्टाने आलेल्या पुस्तिका वाचून पदवी मिळविणाऱ्यांची एक अख्खी पिढी या शहरात आहे. परंतु पुस्तिकेत प्राध्यापकांचा आवाज नव्हता. तो ऐकायचा तर कालिन्याला जाणे भाग होते.

समजा, बोरिवलीतील एखाद्या बँक कर्मचाऱ्याच्या मनात कालिन्याच्या संकुलात अर्थशास्त्राचा वर्ग करावा असे आले. गाडीने सांताक्रूझ, तेथून बस, आणि परतीचा तोच प्रवास. त्याचा खरा खर्च पासाच्या रकमेइतका नसतो. तेवढ्या वेळात मुलाचा अभ्यास घेता आला असता, आईला डॉक्टरकडे नेता आले असते, दोन तास अधिक झोप मिळाली असती. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, ती निवडलेल्या गोष्टीची खरी किंमत होय, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. त्याला संधिखर्च म्हणतात. हा शब्द न ऐकलेल्या गृहिणीलाही त्याचा अर्थ पुरता ठाऊक असतो. शिकायची इच्छा असूनही ती का शिकू शकली नाही, याचे उत्तर त्या शब्दात आहे.

अर्थशास्त्रच का, असा प्रश्न येथे कोणी विचारील. मध्यमवर्गीय घरात हुशार मुलाला अभियांत्रिकी, त्या खालोखाल वाणिज्य, आणि अर्थशास्त्र हा कला शाखेत उरलेल्यांचा विषय, अशी एक उतरंड मनात पक्की बसली आहे. वास्तविक उपनगरांचे आपले जीवन ज्या निर्णयांनी घडले ते समजून घेण्यास या शास्त्राइतके उपयोगी दुसरे शास्त्र नाही. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतील किती कुटुंबे पार्ले, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे येऊन स्थिरावली! जागा अपुरी पडली म्हणून, असे घरोघर सांगितले जाते. पण जागा अपुरी का पडली?

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे ठरविण्यासाठी १ सप्टेंबर १९४० हा दिवस आधारभूत धरला. टंचाईच्या दिवसांत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हा त्यामागील हेतू रास्त होता. गिरणी कामगार आणि कारकून यांना त्याने मोठा आधार दिला, हे विसरता येणार नाही. परंतु भाडे गोठले, महागाई गोठली नाही. दुरुस्ती मालकाला परवडेना. भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधण्यात कोणाला लाभ दिसेना. भाड्याच्या पावतीबाहेर पागडीचा व्यवहार चालू लागला. मोडकळीस आलेल्या इमारतींसाठी १९६९ मध्ये शासनाला स्वतंत्र दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. भाडे नियंत्रणाचा नवा कायदा झाला तो १९९९ मध्ये. मधल्या काळात ज्याला घर हवे त्याने ते विकतच घ्यावे, आणि परवडेल तेथे, म्हणजे रेल्वेमार्गाच्या कडेने उत्तरेकडे सरकत जावे, अशी स्थिती आली. स्थलांतराची कारणे आणखीही होती. पण बाजारभावाखाली बांधलेली कमाल किंमत पुरवठ्याचे काय करते, हा पाठ्यपुस्तकातील धडा मुंबईकराने आकृतीत पाहण्याआधी अंगावर सोसला आहे. आज पुनर्विकासाच्या करारावर सही करताना हाच धडा माहीत असणे आणि नसणे यांत एका कुटुंबाच्या आयुष्यभराच्या पुंजीचा फरक पडू शकतो.

म्हणून हा विषय शिकावा, आणि आता तो घरबसल्या शिकता येतो. येथवर सारे शुभ आहे. पण या चित्राची दुसरी बाजू मांडल्याखेरीज आजचा विषय पुरा होणार नाही.

हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या एडएक्स या व्यासपीठावरील या दोन संस्थांच्या अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा आढावा २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नोंदणी करणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रमाचे पान एकदाही उघडले नव्हते. २०१७-१८ या वर्षात अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण होते ३.१३ टक्के. शंभर जणांनी नावे घातली, तीन जण शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचले. शाळेचा असा निकाल लागला असता तर गावाने शाळेला टाळे ठोकले असते!

हे का घडते? शिकविणारे जगातील उत्तम प्राध्यापक आहेत, सामग्री निर्दोष आहे, शिकणाऱ्यांची इच्छाही खोटी नाही. कारण साधे आहे. ज्या दारातून आत येण्यास काही मोजावे लागत नाही, त्या दारातून बाहेर जाण्यासही काही मोजावे लागत नाही. वर्गात पाच दिवस दिसला नाही तर मित्र विचारतो, मास्तर विचारतात. पडद्यावरचे प्राध्यापक कोणाची वाट पाहत नाहीत. पहिल्या आठवड्यात उत्साह, दुसऱ्या आठवड्यात पाहुणे, तिसऱ्या आठवड्यात मुलाची परीक्षा, आणि चौथ्या आठवड्यात आपण नाव घातले होते याची नुसती आठवण.

त्याच आढाव्यात आणखी एक आकडा आहे. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांपैकी त्या वर्षी ४६ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला. तेव्हा पैसे भरा म्हणजे टिकाल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. येथे थांबावे. पैसे भरले म्हणून ते टिकले, की टिकण्याचा निश्चय आधीच होता म्हणून त्यांनी पैसे भरले? कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. हा प्रश्न विचारता येणे हीच अर्थशास्त्राच्या अभ्यासाची खरी कमाई. आणि या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे हे दाखविणाऱ्या अभ्यासांपैकी एक मुंबईतील महापालिकेच्या शाळांत झाला आहे.

२०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले. अभिजित विनायक बॅनर्जी यांचा जन्म १९६१ चा, मुंबईतील. त्यांच्या मातोश्री निर्मला बॅनर्जी या माहेरच्या पाटणकर. मराठी घरातील कन्या आणि स्वतः नामवंत अर्थशास्त्रज्ञ. वडील दीपक बॅनर्जी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. अभिजित यांच्या नोबेलचे वृत्त आले तेव्हा त्यांच्या मराठी आजोळाचा अभिमान आपण सर्वांनी मिरविला. त्यांच्या कामाकडे मात्र तितके लक्ष गेले नाही.

१९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेचा ‘बालसखी’ हा उपक्रम होता. तिसरी-चौथीपर्यंत येऊनही ज्यांना वाचता येत नाही, बेरीज-वजाबाकी जमत नाही, अशी मुले वर्गात मागे बसून राहतात. शिक्षक पुढच्या धड्याकडे जातात, ही मुले तेथेच राहतात. त्यांच्यासाठी वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी नेमायची. सुमारे वीस मुलांना शाळेच्या वेळातील दोन तास बाजूला घ्यायचे आणि जेथे त्यांचे पाऊल अडले तेथून त्यांना पुढे न्यायचे. तिला मोठी पदवी नव्हती. प्रशिक्षण दोन आठवड्यांचे आणि मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. ती मुलांना ओळखत होती आणि त्यांची भाषा बोलत होती, हेच तिचे भांडवल.

या उपक्रमाने खरोखर फरक पडतो का, हे बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोदे येथे तपासले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काही शाळांत बालसखी तिसरीला दिली, काही शाळांत चौथीला. शाळा कोणत्या गटात जाईल हे केवळ नशिबाने ठरले. त्यामुळे हुशार मुलांची शाळा किंवा जागरूक पालकांची वस्ती अशा कारणांची सरमिसळ झाली नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांची तुलना निर्दोष झाली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बालसखीमुळे मुलांचे गुण लक्षणीय वाढले होते, आणि सर्वांत अधिक लाभ झाला होता तो सर्वांत मागे असलेल्या मुलांना.

याच अभ्यासात बडोद्याला संगणकाच्या साहाय्याने गणित शिकविण्याचा प्रयोगही तपासला गेला. तोही यशस्वी ठरला. गणितात मुलांनी चांगली प्रगती केली. म्हणून यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. पण एका मुलामागे येणारा खर्च पाहता बालसखी कितीतरी स्वस्त होती. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दोन्ही उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने पाहिले तेव्हा लाभाचा मोठा भाग ओसरला होता. सोबत सुटली की प्रगतीही मंदावते, असाच त्याचा बोध घ्यावा लागेल.

महापालिकेच्या शाळेतील आठ वर्षांच्या मुलाचा आणि अंधेरीतील चाळीस वर्षांच्या पदवीधराचा संबंध काय? संबंध असा की दोघेही एकाच ठिकाणी अडतात. पुढे चाललेल्या व्याख्यानात आपले पाऊल कोठे निसटले हे त्यांना कळत नाही, विचारायला जवळ कोणी नसते, आणि मग ते मुकाट्याने मागे बसतात. मुलगा वर्गात बसून गळतो, प्रौढ माणूस पडदा बंद करून. दोघांनाही अधिक विद्वान शिक्षकाची गरज नसते. शेजारी बसणारी एक बालसखी हवी असते.

हे अभ्यासक, बॅनर्जी आणि डुफ्लो, एमआयटीत जागतिक दारिद्र्यावरील जो अभ्यासक्रम शिकवीत, तो ऑनलाइन विनामूल्य उपलब्ध झाला. त्यांच्या विकासनीतीच्या ऑनलाइन अभ्यासक्रममालेत परीक्षेचे शुल्क विद्यार्थ्याच्या उत्पन्नानुसार ठरविण्यात आले. त्या मालेत उत्तम यश मिळविणाऱ्यांतून निवडलेली पहिली तुकडी २०२० च्या जानेवारीत प्रत्यक्ष एमआयटीत पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झाली, आणि त्या प्रवेशासाठी आधीच्या पदवीची अट ठेवली नव्हती. ज्या लंडनसाठी बाबासाहेबांना कर्ज काढावे लागले, त्या तोडीचे दार आज घरातल्या टेबलावर उघडते. आपली मुले, सुना, निवृत्त झालेले काका त्या दारातून आत जातात की उंबऱ्यावरून परततात, एवढाच प्रश्न उरला आहे.

याचे उत्तर शासन देणार नाही, विद्यापीठही देणार नाही. ते आपल्या वस्तीने द्यायचे आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, उन्हा-पावसात एकत्र येण्याची सवय ज्यांच्या अंगी मुरली आहे, त्यांना ते कठीणही नाही. पाच ते सात जणांचे एक अभ्यासमंडळ जमवावे. सोसायटीचे कार्यालय, वाचनालयाची खोली, कोणाची तरी बैठकीची खोली, जागा कोणतीही चालेल. ‘स्वयम्’वरील एनपीटीईएलचा एकच अभ्यासक्रम सर्वांनी निवडावा. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला एक स्वाध्याय असतो. व्याख्याने प्रत्येकाने घरी ऐकावीत. रविवारी सकाळी दीड तास एकत्र बसून, जे अडले ते सोडवावे. जो आला नाही त्याच्या घरी त्याच दिवशी निरोप जावा. एकाने दर आठवड्याला बालसखीचे काम करावे, म्हणजे सर्वांत मागे असलेल्याच्या शेजारी बसावे. एखादा निवृत्त प्राध्यापक वा बँकेतील अधिकारी महिन्यातून एकदा आला तर सोन्याला सुगंध.

काही व्यावहारिक गोष्टीही ध्यानी घ्याव्यात. एनपीटीईएलचा अभ्यासक्रम विनामूल्य असला तरी प्रमाणपत्रासाठी केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते आणि तिचे शुल्क सुमारे १००० रुपये असते. अंतिम गुणांत स्वाध्यायाला २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याला एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’मधून मिळविण्याची मुभा आहे. त्यासाठी आपल्या महाविद्यालयाची संमती आधी घ्यावी. प्रमाणपत्र आणि पदवी यांत मात्र गल्लत करू नये. संपूर्ण पदवीच ऑनलाइन देऊ करणाऱ्या संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तिची मान्यता आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत पाहून घ्यावी. जाहिरातीतील हसऱ्या चेहऱ्यांवर मुलांच्या भवितव्याचा निर्णय सोपवू नये.

कला शाखेच्या पदवीधरांना गणिताची धास्ती असते आणि मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजीची. दोन्हींवर उपाय आहे. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची पुस्तके मराठीत विनामूल्य मिळतात. पहिले दोन महिने तीच वाचावीत. मागणी, पुरवठा, लवचिकता, सीमांत उपयोगिता हे शब्द मराठीत ओळखीचे झाले की इंग्रजी व्याख्यान परके वाटत नाही. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर मराठीत प्रसिद्ध होते. तिच्यातील एक प्रकरण मंडळाने वर्षातून एकदा तरी मिळून वाचावे. आलेख आणि कलनाच्या मूलतत्त्वांसाठी घरातल्याच अकरावी शास्त्र शाखेच्या मुलाला शिक्षक करावे. वडिलांना शिकवताना त्याचाही अभ्यास पक्का होईल.

पाश्चात्त्य अर्थविचार मराठीत आणण्याचे काम लोकहितवादींनी १८४९ मध्ये ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून केले. विद्यापीठाची स्थापना होण्याआधी आठ वर्षे! पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी या देशाच्या परिस्थितीला अनुरूप अर्थविचाराचा आग्रह धरला, आणि धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेत तो अभ्यास खेड्यांपर्यंत, सहकारापर्यंत नेला. परभाषेतून आलेले ज्ञान आपल्या बोलीत आणि आपल्या प्रश्नांत उतरविण्याची ही परंपरा आहे. रविवारी सकाळी इंग्रजीत ऐकलेले व्याख्यान मराठीत एकमेकांना समजावून सांगणारी पाच माणसे तिच्यातच बसतात.

शेवटी एक गोष्ट घरातील पुरुषांसाठी. ऑनलाइन शिक्षणाने प्रवासाचे दोन तास वाचविले. पण घरात बसून शिकणाऱ्या स्त्रीचा वेळ तिचा उरत नाही. ती पडद्यासमोर बसली की कुकरची शिट्टी होते, दाराची घंटा वाजते, कोणाला तरी रुमाल सापडत नाही. कालिन्याला गेलेल्या विद्यार्थिनीला निदान हाक तरी ऐकू येत नव्हती. घरच्या विद्यार्थिनीचा संधिखर्च घरातल्या इतरांनी वाटून घेतला तरच तिचे विद्यापीठ खरोखर घरी आले असे म्हणता येईल. आठवड्यातून चार संध्याकाळी, एक एक तास, तिला कोणी हाक मारू नये. चहा ज्याचा त्याने करावा. बाराव्या आठवड्याच्या अखेरीस ती परीक्षाकेंद्रावर निघेल तेव्हा तिला सोडायला कोणीतरी सोबत जावे.